उभ्या जागी चाललेली हायब्रिड

मित्रांनो, एका जागी उभे राहणे मला कधीच जमले नाही. आज मी तेरा वर्षांची आहे, रंगाची चमक गेली आहे, तरी किल्लीचा आवाज आला की माझी चुळबुळ सुरू होते. मी हायब्रिड मोटारगाडी आहे. माझ्यात पेट्रोलचे इंजिन आहे आणि विजेची मोटारही आहे. हळू जाताना मोटार मला ओढते, वेग वाढला की इंजिन मदतीला येते. ब्रेक लावला की वाया जाणारी शक्ती मागच्या सीटखालच्या मोठ्या बॅटरीत साठते. म्हणून मला चार्जिंगला लावावे लागत नाही.

माझ्या कंपनीची मी सर्वांत वरची गाडी होते. अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या एका कारखान्याचे अधिकारी शरदचंद्र यांनी मला घेतले. ते ड्रायव्हर ठेवत नसत, स्वतःच चालवत. मी गेटवर इतकी हळूच पोचायचे की वॉचमन म्हणायचा, "साहेब, हॉर्न तरी मारा. गाडी कधी आली कळतच नाय." साहेब हसायचे. मला मात्र लगेच पुढच्या फेरीची घाई असायची.

ते निवृत्त झाले आणि पत्नी कुंदाबाईंबरोबर बदलापूरजवळ चामटोलीला बैठ्या घरात राहायला आले. त्यांनी हौसेने माझ्यासाठी उल्हासनगरच्या बाजारातून जाड सीटकव्हरे शिवून आणली. त्या कव्हराखाली बॅटरीला हवा देणारी जाळी झाकली गेली, हे कुणाच्या लक्षात आले नाही. बॅटरी तापू लागली. समोर लाल दिवा लागला. गॅरेजवाल्या अल्पेशने बॉनेट उघडले आणि मान हलवली. "काका, बॅटरी खलास वाटते. हायब्रिडचं काम इथे कोण करत नाय. काढून टाका."

मी अंगणात उभी राहिले. त्याच वर्षी शरदचंद्रांच्या फुप्फुसांनी दगा दिला. नाकाला नळी आणि शेजारी विजेवर चालणारे ऑक्सिजनचे मशीन, अशी त्यांची खिडकीजवळची खाट. ते दिवसभर माझ्याकडे बघायचे आणि मी रस्त्याकडे. चाकांतली हवा कमी होत होती. दोघांनाही कुठे तरी जायचे होते.

दोन वर्षांनी त्यांची मुलगी राजसी मला विकायला आली. ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर. रविवारी गिऱ्हाईक येणार, म्हणून मला पुसायला तिने सीटकव्हर ओढून काढले.

"बाबा, हिचं नाकच बंद करून ठेवलंय," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

जाळीत बोटभर धूळ आणि कापसाचे पुंजके होते. तिने पंखा साफ केला, पुढची, दिवे आणि स्टार्टसाठीची लहान बॅटरी बदलली, गावाबाहेर दोन फेऱ्या मारल्या. लाल दिवा पुन्हा लागला नाही. मला वाटले, आता थांबायचे नाही. पण रविवार जवळ येत होता.

शुक्रवारी पहाटे वादळ झाले. विजेच्या तारा तुटल्या, रस्त्यावर झाड आडवे झाले. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी सकाळी आठलाच बसली. जवळचा ऑक्सिजनचा सिलिंडर जेमतेम तासाभराचा होता आणि रुग्णवाहिकेला झाडापलीकडून येता येत नव्हते.

राजसीने इन्व्हर्टर उचलून आणला आणि त्याच्या वायरी माझ्या लहान बॅटरीला जोडल्या.

"अगं, धूर आत येईल," कुंदाबाई म्हणाल्या.

"म्हणून तर हिचं तोंड घराकडे केलंय. धूर शेताकडे जाईल. आणि हिचं इंजिन गरजेपुरतंच चालतं, आई. बाकीचा वेळ मोठी बॅटरीच लहानीला वीज देते."

खिडकीतून वायर आत गेली. मशीन सुरू झाले.

मित्रांनो, त्या दिवशी मी एक इंचही हलले नाही. इंजिन थोडा वेळ चालायचे, बॅटरी भरायचे आणि बंद व्हायचे. ते बंद झाले की कुंदाबाई दचकून खिडकीशी यायच्या. मलाही धाकधूक वाटायची. दोन वर्षे निजलेली माझी बॅटरी मध्येच हात टेकेल का? मला पळून जावेसे वाटत होते आणि तिथून हलायचेही नव्हते. राजसी स्टिअरिंगजवळ बसून काट्यांवर नजर ठेवून होती. संध्याकाळी सहाला दिवे आले, तेव्हा तिने मला बंद केले आणि कपाळ माझ्या स्टिअरिंगवर टेकले.

खाटेवरून शरदचंद्र थांबत थांबत म्हणाले, "विकायची तर वीक. पण आधी मला एकदा फिरवून आण."

रविवारपर्यंत रस्त्यावरचे झाड हटले होते. डॉक्टरांना विचारून, लहान सिलिंडर शेजारी ठेवून, राजसीने त्यांना माझ्यात बसवले. काच खाली करून ते बारवी धरणाच्या रस्त्याची झाडे बघत राहिले. परत फिरायचे का, असे तिने दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी बोटाने पुढे दाखवले.

मित्रांनो, तुमच्याही दारात एखादी गाडी धूळ खात उभी असेल. तिला आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढा. आणि घरात खिडकीशी बसलेले कुणी असेल, तर त्यालाही शेजारी बसवा.

आम्ही गेल्यावर गिऱ्हाईक फाटकाशी आले, हे मला नंतर कळले. कुंदाबाईंनी त्यांना पाणी दिले आणि शांतपणे सांगितले, "गाडी फिरायला गेलीये. कधी येईल, सांगता येत नाही."