न पाहिलेला दिवस

"न्हाय भाऊसाब, ह्ये खोडा."

धुळाप्पाने वहीतल्या कालच्या शून्यावर बोट ठेवलं होतं आणि काही केल्या ते उचलेना. डोळे तांबारलेले, अंगावर कालचाच सदरा. आदल्या दिवशी बायकोला माती देऊन आला होता, आणि आज सकाळी आठला कचेरीत हजर. सुतकातला माणूस आला म्हणून आमचे हेडक्लार्क नाक मुरडून आत निघून गेले. मी त्याला म्हटलं, आधी बस, पाणी पी. तो बसला नाही.

"खोडा म्हनतो न्हवं."

"अरे बाबा, शून्य बरोबरच आहे की! काल आभाळात ढगाचा ठिपका तरी होता का?"

"नसंल. पर भांडं बघितलं कोनी?"

आता याला काय सांगायचं? मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला नेहमीच आधी राग येतो, बाकीचं मागाहून.

गोष्ट सत्तावीस सालची. आमची कचेरी सोलापुरात होती. कोणत्या खात्याची ते सांगत नाही. त्या वेळचे साहेब, हेडक्लार्क सगळे गेले, पण त्यांची मुलंबाळं गावात आहेत. मी तिथे दुय्यम कारकून. आवारात झाडांपासून लांब, उघड्यावर एक चौथरा होता आणि त्यात पाऊस मोजायचं भांडं बसवलेलं होतं. वर नरसाळं, खाली बाटली. रोज सकाळी आठ वाजता बाटली काढायची, पाणी असेल तर रेघा मारलेल्या काचेच्या पेल्यात ओतायचं, कितव्या रेघेला लागतं ते बघायचं आणि वहीत लिहायचं. महिनाअखेर त्याचा तक्ता पुण्याला जाई. वहीत शेवटचा रकाना होता 'स्वतः पाहिले', आणि त्यात कारकुनाची सही.

सही माझी. पाहायचा मात्र धुळाप्पा.

माझ्या आधीचे कारकून कमलाकरपंत. त्यांचे गुडघे धरलेले. चौथऱ्यापाशी वाकवेना, म्हणून त्यांनी शिपायाला आकडे आणि रेघा शिकवल्या. मी आलो तोवर ती वहिवाटच पडून गेली होती. चालत्या गाड्याला खीळ कोण घालतो? सात वर्षं मी सही करत होतो आणि सात वर्षांत त्या पेल्याला माझा हात लागला नव्हता. सोलापूरचा पाऊस काय सांगायचा! वर्षातले तीनशे दिवस नुसतं शून्य. त्या शून्यासाठी रोज कोरडी बाटली काढून, उन्हाकडे धरून बघणाऱ्या धुळाप्पाची मी पुष्कळ थट्टा केली आहे.

"धुळाप्पा, आज किती पूर आला?" असं विचारायचो.

"शून्य लिवा," तो म्हणायचा. हसायचा नाही.

तो मंद्रूपकडचा धनगर. बाप बिरप्पा नावाजलेला मेंढपाळ होता म्हणे. एका उन्हाळ्यात रोग पडला आणि कळपच्या कळप मेला. धुळाप्पा शहरात आला तो हातात नुसती काठी घेऊन. पुढचं त्याने मला एकदा आपण होऊन सांगितलं होतं, कचेरीचा रांजण भरता भरता, लाज नाही आणि बढाई नाही.

"लई प्यायचो, भाऊसाब. सकाळधरनं शिंदी. मायाक्का म्हायारला जाऊन बसली. हितं झाडायला लागलो, तवा पंतांनी काच हातात दिली. वाच म्हनले. हात ह्यो असा हालायचा, पानी डुचमळायचं, रेघ कुटली गावतीया! पंत म्हनले, उद्या ये. म्या म्हनलं, येक रात न पिता बघू. दुसऱ्या दिशी रेघ दिसली की."

"आणि तेव्हापासून सोडलीस?"

"सोडली कुटं?" त्याला माझा प्रश्नच कळला नसावा. "आजची न्हाय प्यालो, येवढंच. उद्या आठाला काच धरायची हाय, म्हून आजची न्हाय. रोज तसंच."

असं त्याने अकरा वर्षं केलं. मायाक्का परत आली, संसार झाला. मूलबाळ नव्हतं. माणसाने दारू सोडायची तर देवाची शपथ घ्यावी, गुरू करावा, माळ घालावी. याने एका काचेच्या पेल्यावर सगळा भार टाकला होता, आणि तो पेला मला सरकारी डबड्यापलीकडे काही वाटत नव्हता.

मायाक्का तापाने आजारी होती ते मला ठाऊक होतं. ती गेली त्या पहाटेचा निरोप मला साडेसातला मिळाला. मी घरी चहा पीत होतो. घर कचेरीच्या मागेच, पन्नास पावलांवर. "अरेरे" म्हटलं, चहा संपवला, आंघोळीला गेलो. उशिराने कचेरीत येऊन वही उघडली, शून्य लिहिलं, सही ठोकली.

संध्याकाळी मी हे बायकोला मोठ्या प्रौढीने सांगितलं. धुळाप्पा तेव्हा हंगामी शिपाई होता. अकरा वर्षांत एक खाडा नाही, याला कायम करावं, असा कागद साहेबांनी वर पाठवला होता. त्यात आता खोट कशाला? म्हणून मीच सांभाळून घेतलं, असं मी म्हणालो. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "पन्नास पावलं तर होती. जाऊन बघायचं होतंत." मी म्हटलं, तुला कचेरीतलं काही कळत नाही.

आणि आता हा समोर उभा.

"हे बघ धुळाप्पा, हे मी तुझ्यासाठी लिहिलंय. कायम व्हायचंय ना तुला?"

"व्हायचं हाय की. कुनाला नगं?"

"मग गप्प घरी जा. तिकडे माणसं बसायला येतील."

तो गेला नाही. खाली वाकून, आवाज बारीक करून बोलायला लागला.

"भाऊसाब, काल मी हितं नव्हतो. तिच्यापाशी हुतो. त्येची मला लाज न्हाय. नव्हतो तर नव्हतो, तसं लिवा. राती समदं पावनं मागं लागलं हुतं, घे घोटभर, दुक्काची हाय, आज चालतंय. बहीन बी म्हनली, बनाबाई, घे म्हनली. म्या न्हाय घेतली. आन् सकाळी हितं येऊन बघतो तर हितं बी चालतंयच! येकदा न बघता चालतंय म्हनलं, की मंग मनाला काय सांगू मी? मला ठाव हाय त्ये मन. त्येला फट दिसायचा अवकाश."

"अरे, पण नियमात तसं काही लिहिता येत नाही."

"न बघितल्याचा बी काय तरी नेम आसंल की."

होता. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला छापलेलाच होता. 'पाहणे न घडल्यास पाहिले नाही असे लिहावे, शून्य लिहू नये.' धुळाप्पाला अक्षर येत नव्हतं, म्हणून मला खोटं बोलता आलं. खरं सांगायचं तर मला त्याच्या नोकरीची काळजी नव्हतीच. पुढच्या वर्षी हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती आणि तीवर माझा डोळा होता. 'पाहिले नाही' लिहिलं की वरून विचारणा येणार, का पाहिले नाही? घर कुठे? मग सात वर्षं कोण पाहत होतं? माझी सगळी भीती ती होती, आणि मी तिला दयेचं नाव देऊन बसलो होतो.

त्याचं बोट वहीवर तसंच. खेड्यावरून कामाला आलेली माणसं दारातून बघायला लागली. शेवटी मी चिडून टाक उचलला. उपकार म्हणून नव्हे, त्याचं ऐकावंसं वाटलं म्हणूनही नव्हे. ती ब्याद टळावी म्हणून. शून्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'पाहिले नाही'.

"काय लिवलं?"

"पाहिलं नाही असं लिहिलं. झालं समाधान?"

"व्हय," तो म्हणाला, आणि चौथऱ्याकडे गेला. मी खिडकीतून पाहिलं. त्याने बाटली काढली, उन्हाकडे धरली, परत ठेवली. तिथून हाताने खूण केली, काही नाही. मग तो घरी गेला.

विचारणा यायला दीड महिना लागला. साहेबांनी मला आत बोलावलं आणि तो तक्ता माझ्यापुढे टाकला.

"हे काय? पाहिले नाही म्हणजे?"

मी ठरवून गेलो होतो की आजारी होतो असं सांगायचं. तोंड उघडलं आणि खरं बोलून गेलो. कसं ते मला अजून कळलेलं नाही. मी कधीच पाहत नाही, शिपाई पाहतो, त्या दिवशी त्याची बायको वारली. साहेब वाईट माणूस नव्हते. पण आता गोष्ट पुण्याच्या कागदावर चढली होती. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, निदान शून्य तरी लिहायचं होतंत!" म्हणाले.

पुढे तीन आठवड्यांनी हुकूम आला. मला ठपका, आणि बढतीच्या यादीतून नाव कमी. पाऊस यापुढे कारकुनाने स्वतः पाहायचा. शिपायाने भांड्याला, काचेला हात लावायचा नाही. आणि सरकारी उपकरण इतकी वर्षं परवानगीवाचून हाताळणारा शिपाई कायम करण्यास योग्य नाही, सबब तो कागद परत. जे काम त्या कचेरीत त्याच्याइतकं चोख कोणी केलं नव्हतं, त्याच कामासाठी त्याला शिक्षा झाली. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

दुपारी मी त्याला तो हुकूम वाचून दाखवला. नोकरीचं वाचलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली. काचेचं वाचलं तेव्हा म्हणाला, "परत वाचा."

मी परत वाचलं.

"म्हंजी उद्यापास्नं हात लावायचा न्हाय?"

"नाही."

हुकूम पोचल्याचा त्याने अंगठा उठवला, बोटाची शाई सदऱ्याला पुसली. मग त्याने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. इतक्या वर्षांत रजा मागताना मी त्याला पाहिलं नव्हतं. दिली, आणि तो फाटकातून बाहेर पडेपर्यंत माझ्या डोक्यात काही आलं नाही. मग एकदम आलं. आता उद्या आठला याला कुठे जायचं आहे? घरात मायाक्का नाही, हातात काच नाही. आज न प्यायचं ते कशासाठी?

पाचाला कचेरी सुटली तसा मी त्याच्या घरी गेलो. बनाबाई दारात बसली होती.

"दुपारच्यालाच आला आन् गेला," ती म्हणाली. "कुटं जातूस म्हनलं तर बोलला न्हाय. भाऊसाब, काय झालंय का त्येला?"

मी तसाच निघालो. स्टेशनच्या वाटेवर शिंदीचं दुकान होतं. गिरणी सुटायची वेळ झाली होती, रस्ता माणसांनी भरला होता. मी, कोट-टोपीतला ब्राह्मण कारकून, त्या दारासमोरून दोनदा पुढे गेलो आणि दोनदा मागे आलो. कोणी ओळखीचं बघेल, ही धाकधूक तेव्हाही सुटली नव्हती. मग गेलो आत.

"धुळाप्पा आला होता का? कचेरीतला शिपाई, धनगर."

"आलता की," दुकानवाला म्हणाला. "लई वर्सांनी आला. त्या तितं, कोपऱ्यात बसला हुता."

"किती प्याला?"

"प्याला कुटं! लोटा घेतला, म्होरं ठिवला आन् बसला बघत. हात लावायचा आन् काढायचा, लावायचा आन् काढायचा. दोन तास! म्या म्हनलं, गड्या, आंबून चालली की ती. तवा उठला."

"काही बोलला का?"

"म्हनला, आज न्हाय जमायचं. सकाळी आठाला आमच्या भाऊसाबास्नी काच वाचायची शिकवायची हाय. मला हात लावू देत न्हाईत तर ऱ्हाऊ दे, लांब उभा ऱ्हाऊन सांगीन म्हनला. मानूस लई शिकल्याला हाय, पर त्येवढं काय त्येस्नी येत न्हाय."

बाकावरचे दोघे-तिघे खो खो हसले. मला उभ्या उभ्या रडू फुटलं. किती आवरलं तरी आवरेना. कोपऱ्यातला एकजण म्हणाला, "पावन्याचा पयलाच दिस दिसतोय," आणि पुन्हा हशा झाला.

"तुमी कोन म्हनायचं?" दुकानवाल्याने विचारलं.

"मीच तो भाऊसाहेब."

त्याने मला पायांपासून टोपीपर्यंत पाहिलं. मग कोपऱ्यातल्या बाकावरचा लोटा आणून माझ्यापुढे ठेवला. "घ्या मंग. त्येनंच घेतल्याला हाय."

मी वाकून पाहिलं. फेस बसला होता, वर दोन माश्या तरंगत होत्या. लोटा काठोकाठ भरलेला होता, बोटभरही उतरला नव्हता.

"नको," मी म्हणालो.

दुकानवाल्याने माश्या बोटाने काढून टाकल्या आणि लोटा परत घागरीत ओतला.