माफीचा बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, आणि सध्या मी भयंकर चिडलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना हळवे व्हावे, मधून मधून सुस्कारे सोडावेत, अशी पद्धत आहे. ते मलाही जमते, पण आज नाही. आज आधी माझा राग ऐकून घ्या.

यहुदी मुलामुलींच्या एका हायस्कुलात, तळमजल्याच्या व्हरांड्यात माझी जागा आहे. डाव्या हाताला शाळेचे स्वयंपाकघर, उजव्या हाताला वाचनालय, समोर पटांगण. पाऊसपाणी सरले, हवा जरा निवली की या शाळेत सणांची रांग लागते. आधी नवे वर्ष येते, तेव्हा मेंढ्याचे शिंग फुंकतात. मग दहाव्या दिवशी योम किपूरचा मोठा उपास, आणि उपासानंतर पाचव्या दिवसापासून मांडवाचा सण. त्या मांडवाला सुक्का म्हणतात. भिंती लाकडी आणि वर तोडलेल्या फांद्या, त्याही अशा विरळ की आत बसून चांदण्या दिसाव्यात. आठवडाभर अख्खी शाळा त्यात जेवते.

माझ्या फळ्या शाळेच्या पहिल्या मांडवाच्या भिंतीतल्या. बारा वर्षे उभ्या राहून त्यांच्या कडा झिजल्या, तेव्हा त्या जळणात जायच्या होत्या. सुतारकामाचे सर आडवे आले. "अजून जीव आहे यांच्यात," असे म्हणून त्यांनी नववीच्या मुलांकडून मला घडवून घेतले. मुलांच्या मापात घोळ झाला आणि माझा एक पाय दोन सूत आखूड निघाला. सरांनी तो तसाच ठेवला. म्हणाले, "डुगडुगू दे. बसणारा जरा सावध राहील." लांबीला मात्र त्यांनी मुद्दाम बेतून करवत लावली. माझ्यावर दोनच माणसे मावतात. तिसऱ्याने टेकायचा प्रयत्न केला तर तो खाली जातो.

मी नवा कोरा होतो तेव्हाची गोष्ट. सरांची आवडती करवत हरवली आणि त्यांनी भर पटांगणात गेटवरच्या काकांवर आळ घेतला. दोन दिवसांनी करवत सरांच्याच कपाटात सापडली. नवे वर्ष उलटून गेले होते, उपास जवळ आला होता. सर काकांना हाताला धरून घेऊन आले, माझ्यावर बसवले, स्वतः शेजारी बसले आणि म्हणाले, "काका, मी तुम्हाला चोर म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. करवत माझ्याच कपाटात होती. मला माफ करा."

काका म्हणाले, "अहो सर, कशाला एवढं मनावर घेता!"

"मनावर तुम्ही घेतलंत. दोन दिवस तुम्ही डबा उघडला नाहीत. मी बघत होतो."

काकांनी डोळे पुसले आणि सरांना माफ केले. तेवढ्यावर सर थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी तेच सगळे पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. तेव्हापासून मी माफीचा बाक झालो.

नव्या वर्षापासून उपासापर्यंतच्या दहा दिवसांत माझ्यावर बसायला नंबर लागायचा. धर्माच्या तासाला आमचे धर्मगुरू, म्हणजे रब्बी, सांगत, "देवाचं आणि तुमचं काय बिनसलं असेल ते उपासाच्या दिवशी देव बघून घेईल. पण मैत्रिणीचा अपमान केलात तर देव मध्ये पडणार नाही. तिच्याकडेच जावं लागेल. आणि काय केलं ते नाव घेऊन सांगावं लागेल." मुले यायची. वही लपवणारे, टोपणनावे पाडणारे, खेळात मुद्दाम पाय घालणारे. एकदा रसायनाच्या बाई स्वतः आल्या. त्यांनी एका मुलावर कॉपीचा खोटा संशय घेतला होता. त्या बोलत होत्या आणि तो मुलगा लाजेने माझी फळी नखाने खरवडत होता. तो ओरखडा अजून आहे. मला त्याचा अभिमान वाटतो. व्हरांड्यातल्या पदकांच्या कपाटाचा मी कधी हेवा केला नाही.

आणि हो, माझ्या आखूड पायालाही काम मिळाले. माणूस मनापासून बोलत असला की एका जागी घट्ट बसतो. "मी काही चुकलो असेन तर..." असे सुरू झाले की तो चुळबुळ करतो, वजन इकडून तिकडे टाकतो आणि मी खडखडतो. मुले म्हणायची, "बाक बोलला! पुन्हा सांग, नीट सांग!"

पुढे सुतारकामाचे सर निवृत्त झाले, सुतारकामाचा तासही गेला, आणि माझे दिवस फिरले. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले गेले. खालच्या बाजूला किती च्युइंगम चिकटवले आहेत ते विचारू नका. तेही मी सोसले. यंदा जे झाले ते मात्र मला सोसवत नाही.

आमच्या स्वयंपाकघरात मावशी आहेत. बावीस वर्षे शाळेच्या पोरांना त्या जेवू घालत आल्या आहेत. या स्वयंपाकघरात दुधाची भांडी वेगळी आणि मांसाची वेगळी, कारण दोन्ही एकत्र खायचे नाही असा धर्माचा नियम. निळ्या दांड्याचे चमचे दुधाचे, लाल दांड्याचे मांसाचे. निळ्यांना निळे खिळे, लालांना लाल. बावीस वर्षांत मावशींचा एक चमचा चुकीच्या खिळ्याला लटकला नाही.

नव्या वर्षाच्या दोन दिवस आधी चारशे जणांचे शाळेचे जेवण होते. मांसाच्या रश्श्याचे पातेले चुलीवर होते. भाजीची गाडी आली म्हणून मावशी बाहेर गेल्या आणि वाढायला आलेल्या दहावीच्या एका मुलीला म्हणाल्या, "जरा ढवळत राहा गं, खाली लागायला नको." ही मुलगी म्हणजे विद्यार्थी प्रतिनिधी. सगळे तिला पुढारीण म्हणतात. हुशार, चटपटीत, प्रत्येक कार्यक्रमात पुढे. पुढारणीने हाताला लागला तो चमचा उचलला आणि ढवळले. तेवढ्यात गाण्याच्या सरावाला हाक आली. चमचा पातेल्यात टाकून ती पळाली.

थोड्या वेळाने मुख्याध्यापिकाबाई स्वयंपाकघरात डोकावल्या. रश्श्यात निळा दांडा!

पुढे जे झाले ते आठवले की अंगाचा तिळपापड होतो. बाईंनी विचारले नाही, शहानिशा केली नाही. हातात रिकामी ताटे घेऊन उभ्या असलेल्या चारशे जणांसमोर त्या म्हणाल्या, "बावीस वर्षांत एवढं कळलं नाही तुम्हाला? की लक्षच नाही? आजपासून घरी बसा. उपासाच्या आदल्या दिवशी येऊन किल्ल्या ऑफिसात जमा करा." अख्खे पातेले ओतून टाकले. मुलांनी कोरडा पाव खाल्ला. पुढारीण तिसऱ्या रांगेत उभी होती. मिठाची गुळणी धरून.

संध्याकाळी रब्बी आले आणि त्यांनी डोक्यालाच हात लावला. "अहो, तो चमचा आठ दिवस दुधाला शिवलेला नव्हता! धुऊन खिळ्याला लटकत होता. आणि एवढ्या मोठ्या पातेल्यात एवढासा चमचा! मला एक फोन केला असता तर मी म्हटलं असतं, चमचा काढा आणि पोटभर जेवा."

म्हणजे बघा, मित्रांनो. रस्सा चांगला होता. मावशींची चूक नव्हती. दोन्ही बाहेर टाकले! आणि बाईंना हे कळल्यावर त्या काय म्हणाल्या? "झालं ते झालं. आता सणात हा विषय नको."

दुसऱ्याच दिवशी पुढारीण मैत्रिणीला घेऊन माझ्यावर येऊन बसली आणि कुजबुजली, "मीच ढवळलं होतं गं. पण आता सांगितलं तर माझं प्रतिनिधीपद जाईल." मला तोंड असते तर मी त्याच क्षणी व्हरांडाभर ओरडलो असतो. मी बाक आहे. मी फक्त खडखडलो.

मग आले नवे वर्ष आणि त्याबरोबर नवी टूम. बाईंनी वाचनालयाबाहेर एक रंगीत फळा लावला, 'क्षमाभिंत'. चिठ्ठीवर माफी लिहायची, नाव घालायचे नाही, चिकटवायची आणि मोकळे व्हायचे. माझी गरज संपली म्हणून उपासाच्या आदल्या दिवशी मला भंगारवाल्याला द्यायचे ठरले. कुणाची माफी? कुणाला? कशाबद्दल? एका चिठ्ठीवर लिहिले होते, 'चूक झाली, सॉरी' आणि पुढे गुलाबी बदाम. अक्षर मी ओळखले. माझ्यावर बसून तिने पाच वर्षे गृहपाठ केला आहे. बाईंनी तर सगळ्यांच्या मोबाईलवर फुलांच्या चित्रासह निरोप धाडला: 'कळत नकळत कुणाला दुखावले असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी.' असेल तर! नकळत! चारशे माणसांदेखत घडलेली गोष्ट नकळत होते होय?

मावशी मात्र त्या दिवसांत शाळा उघडी असेल तेव्हा रोज आल्या. पहिल्या घंटेला यायच्या, पर्स मांडीवर घेऊन माझ्या एका टोकाला बसायच्या, दुसरे टोक मोकळे ठेवायच्या. भांडल्या नाहीत, कुणाकडे तक्रार केली नाही. उपासाच्या दोन दिवस आधी गेटवरचे काका चहा घेऊन आले आणि म्हणाले, "अहो, घरी आराम करा की. इथे कशाला ताटकळता?"

"कुणाला यायचं असेल तर घर शोधत फिरायला नको म्हणून बसते," मावशी म्हणाल्या. "उद्यापर्यंत वाट बघेन. नाही कुणी आलं तर किल्ल्या देऊन टाकेन, आणि मग या फाटकात पाऊल टाकणार नाही. कामाचं नाही हो काही. पण बावीस वर्षांनी निष्काळजी म्हणून नाही जायचं मला."

बाई दिवसातून दहा वेळा तिथून जायच्या. प्रत्येक वेळी त्यांना नेमका फोन यायचा.

उपासाचा आदला दिवस उजाडला. दुपारी बाराला शाळा सुटणार होती, म्हणजे सगळ्यांना घरी जाऊन सूर्य मावळायच्या आत जेवून घेता येईल. साडेदहाला भंगारवाला हातगाडी घेऊन आला. मावशी बसलेल्या बघून खोळंबला. अकराला पुढारीण आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "मावशी, माझ्याकडून काही चुकलं असेल तर..."

"असेल तर नको," मावशी म्हणाल्या. "बस. काय केलंस ते सांग."

ती बसली. मी खडखडलो. तिने दोन्ही हातांनी माझी कड धरली आणि मग सगळे सांगितले. गाडी, ढवळणे, निळा चमचा, गाण्याचा सराव, तिसरी रांग, सगळे. सांगता सांगता रडू फुटले. शेवटी शेवटी मी अजिबात हललो नाही.

मावशींनी तिला माफ केले. डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "पण बाळा, हे तू मला एकटीला सांगितलंस. त्या दिवशी ऐकायला चारशे जण होते."

पुढारीण उठली. शाळा सुटायच्या आधी सगळे पटांगणात रांगेत उभे असतात. ती तडक माईकपाशी गेली आणि काहीही न लपवता बोलली. एवढी शांतता मी त्या पटांगणात फक्त शिंग फुंकण्यापूर्वी ऐकली आहे. शेवटी तिने प्रतिनिधीचा बिल्ला काढून माईकशेजारी ठेवला.

बाईंना आता यावेच लागले. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात मोबाईल. "मावशी, मी मागेच निरोप पाठवला होता. मिळाला ना तुम्हाला?"

"मिळाला की. माझ्याबरोबर अजून चारशे जणांना मिळाला."

"मग झालं तर. उपास सुटला की या कामावर. मांडवाचा स्वयंपाक आहे."

मावशी उठल्या. पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्या मोकळ्या टोकावर ठेवला. "तुम्ही मागितल्या होत्या, म्हणून आणल्यात. ऑफिसात नाही देत, इथे ठेवते. परत द्यायच्या असतील तर माझ्या हातात द्या, बाई. बसून द्या." एवढे बोलून, काकांना नमस्कार करून, त्या फाटकाबाहेर गेल्या.

पटांगण रिकामे झाले. भंगारवाला विचारू लागला, "नेऊ का बाक?" बाईंनी हातानेच त्याला थांबवले. बऱ्याच वेळाने त्या माझ्यावर बसल्या. या शाळेत आल्यापासून सोळा वर्षांत पहिल्यांदा. किल्ल्यांकडे बघत राहिल्या. आणि जिची माफी मागायची ती शेजारी नव्हती.

आता तरी कळले का, असे मला ओरडून विचारायचे होते. इतके दिवस मावशी इथे बसून होत्या! तुमच्या दारापासून वीस पावलांवर!

मग बाई उठल्या. मोबाईल पर्समध्ये टाकला, किल्ल्या हातात घेतल्या आणि पायीच फाटकाबाहेर निघाल्या. काकांनी मागून हाक मारून मावशींच्या घरचा पत्ता सांगितला. सोळा वर्षांत तोही त्यांना माहीत नव्हता. उन्हे कलायला लागली होती आणि त्या चांगल्याच झपझप चालत होत्या.

तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. मला फाटकाबाहेर जाता येत नाही. पण मांडवाच्या पहिल्या दिवशी जेवणाआधी बाईंनी चारशे जणांसमोर मावशींचे नाव घेतले, त्या दिवशीचे आपले शब्द जसेच्या तसे सांगितले आणि ते चूक होते असे म्हटले. मावशी मांडवाच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "चला, वाढून घ्या. गार होतंय."

मला मांडवातच आणून ठेवले आहे. वर फांद्यांतून आभाळ दिसते. माझ्या फळ्यांना ते ओळखीचे आहे.

तरी माझा राग पुरता गेलेला नाही. क्षमाभिंत अजून तिथेच आहे, तिच्यावर दोनशे चिठ्ठ्या आहेत आणि एकीवरही नाव नाही. म्हणून सांगतो, मित्रांनो, मला रंग द्या न द्या, माझा आखूड पाय तर मुळीच दुरुस्त करू नका. फक्त ज्याचे मन मोडले आहे त्याला शोधा, शेजारी बसा आणि काय केलेत ते सांगा. तो तुमची वाट बघत बसलेला असेल. एक टोक मोकळे ठेवून.