घंटाकाकांचा ‘या’

“घंटा वाजली की सगळे गाडीकडे पळतात. तुम्ही एकटेच खुर्चीत बसून काय करता हो, काका?”

हा प्रश्न विचारायची पैज जुळ्यांनी लावली होती. जुळ्या म्हणजे बंबाच्या ड्रायव्हरच्या मुली, आणि त्या या क्षणी खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीमागे तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. पैजेप्रमाणे प्रश्नाच्या शेवटी ‘लाज नाही वाटत?’ असंही म्हणायचं होतं, पण ते प्रश्न विचारणाऱ्या पोरीने, म्हणजे भोंग्याने, ऐन वेळी गिळलं. धीटपणा वेगळा आणि आगाऊपणा वेगळा, एवढी अक्कल तिला होती. आईच्या मते तेवढीच होती.

तिचं खरं नाव शाळेपुरतं उरलं होतं. अग्निशमन केंद्राच्या मागे जवानांच्या कुटुंबांची क्वार्टर्स होती, तिथे ती भोंगाच. तान्ही असताना ती रडायला लागली की खालचे जवान वर्दी आली समजून बूट शोधायचे, असं तिचे बाबा येईल त्याला रंगवून सांगत. वर्दी म्हणजे कुठे काय पेटलंय त्याची खबर. यंदा नववीत गेल्यापासून तर भोंग्याला स्वतःच्या आवाजाची भलतीच ऐट आली होती. वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली होती, तीही माइक बंद पडलेला असताना.

आणि घंटाकाका म्हणजे फोनच्या खोलीतले काका. वर्दीचा फोन घ्यायचा, चिठ्ठीवर पत्ता उतरवायचा, घंटेचं बटण दाबायचं आणि चिठ्ठी खिडकीतून साहेबांच्या हातात द्यायची, हे त्यांचं काम. या नावाचा दुसरा, वात्रट अर्थ कळायच्या वयात आल्यापासून मुलींना ते उच्चारताना जरा जास्तच हसू फुटायचं. काकांना तो अर्थ माहीत होता की नाही, देव जाणे. हाक मारली की ते ओ द्यायचे. त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे. जिन्याखालच्या खोलीत ते एकटे राहत, आणि त्या खोलीत दुसरं कोणी आत-बाहेर करताना क्वार्टर्समधल्या कुणीही पाहिलेलं नव्हतं.

काका रागावले नाहीत. बसणं हेच आपलं काम, असं ते म्हणाले. कोणीतरी बसल्याशिवाय बाकीच्यांना पळता येत नाही.

भोंग्याला हे उत्तर अगदीच मिळमिळीत वाटलं. पैज जिंकायची तर टाकीमागच्यांना काहीतरी खमंग ऐकू जायला हवं. भिंतीला टेकवलेली काकांची काठी तिने उचलली, मूठ तोंडापाशी धरली आणि माइकवर बोलावं तसं जाहीर केलं, “तर मंडळी, मुद्द्याचा प्रश्न होता आणि काकांनी त्याला सफाईने बगल दिलेली आहे.”

काकांना हसू आलं. फार दिवस न उघडलेलं कपाट उघडताना वाजतं, तसं काहीसं ते हसू होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

पुढचं सगळं भोंग्याने जन्मापासून पाहिलेलं होतं, पण खोलीच्या आतून कधी नव्हतं पाहिलं. काकांचा चेहरा पुसल्यासारखा कोरा झाला. एक हात लिहीत होता, दुसरा बटणावर होता. घंटा खणाणली, वरचे पलंग करकरले, बूट धाडधाड जिना उतरले. क्वार्टर्समधल्या पोरांना चालायच्या आधी एक गोष्ट शिकवलेली असते, घंटा झाली की भिंतीला चिकटायचं. भोंगा कपाटाला पाठ लावून पाल झाली. साहेबांनी चिठ्ठी ओढून घेतली. बाबा मागच्या सीटवर चढताना दिसले, कोटाची बटणं लावत. त्यांनी इकडे पाहिलं नाही. ते कधीच पाहत नसत.

काका उठले आणि त्यांचा हात भिंतीकडे गेला. हात भिंतीवर खालवर चाचपडत राहिला. मग त्यांनी टेबलाची कड धरली, खुर्ची धरली, चौकट धरली आणि लंगडत लंगडत दार गाठलं. तोवर गाडी फाटकातून वळून गेली होती. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

भोंग्याच्या लक्षात आलं, काठी अजून आपल्याच हातात आहे.

तिने ती पुढे केली, माफी मागितली आणि विचारलं, गाडीवाल्यांचं काही विसरलं का.

“त्यांचं नाही,” काका म्हणाले. “माझं राहिलं.”

जुळ्या कधीच पळाल्या होत्या. पैज जिंकून भोंग्यानेही जायला हरकत नव्हती, पण ते ‘माझं राहिलं’ तिच्या पायात अडकलं. काय राहिलं, कशाचं राहिलं, असं तिने त्यांना इतकं पिडलं की शेवटी काकांनी सांगितलं. माणसांना सांगायची सवय नसलेला माणूस सांगतो तसं, फोनकडे बघत.

तरुणपणी काका गाडीवर होते. पाइपच्या तोंडाशी त्यांचा जोडीदार आणि मागे पाइपचा भार पेलायला काका, अशी जोडी. एका पेटलेल्या दुकानाच्या माडीवर दोघं होते. जोडीदार म्हणाला, मागची खोली बघून येतो. काका म्हणाले, ये. मग धूर वाढला, साहेबांनी खालून सगळ्यांना बाहेर बोलावलं, बाकीचे उतरले. काका उतरले नाहीत.

“येतो म्हणाला होता ना,” काका म्हणाले. “माणूस येतो म्हणाला की आपण थांबतो. मी थांबलो. मग जिना कोसळला आणि मी त्याच्यासकट खाली.”

जोडीदार आला नाही. काकांचा पाय गेला आणि त्यांना फोनवर बसवलं. तेव्हापासून या केंद्रात निघताना ‘येतो’ कोणी म्हणत नाही. कुणी कुणासाठी उगाच थांबायला नको म्हणून. जवानांनी ते घरीही पाळलं. हळूहळू कारण विसरलं आणि रीत उरली.

भोंग्याच्या शाळेतल्या मैत्रिणींचे बाबा दारातून ‘येतो गं’ म्हणून जात. हिचे बाबा मात्र चपला सरकवून गुपचूप नाहीसे होत. एकदा पाहुण्यांसमोर तिने त्यांना झापलंही होतं, निदान येतो तरी म्हणा, चोरासारखे काय जाता. तेव्हा आईने टेबलाखालून असा चिमटा काढला होता की दोन दिवस काळंनिळं होतं. चिमट्याचा अर्थ आज कळला.

“मग तुमचं काय राहिलं?”

काका जरा लाजलेच. जाणाऱ्यांनी येतो म्हणायचं नाही, ते ठीक, पण मागे राहिलेल्याने बोलावायला काय हरकत आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. म्हणून गाडी निघाली की ते दारात उभे राहत आणि ‘या’ म्हणत. तेवढंच. आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

गाडीवरच्यांना ते माहीत आहे का, असं तिने विचारलं.

“छे. भोंगा चालू, इंजिन चालू, कुणाला ऐकू जातंय? ते माझं आणि रस्त्याचं आहे.” मग तिच्याकडे पाहून ते म्हणाले, “तुला नाही म्हटलं हं भोंगा.”

लग्नाचंही त्यांनी ओघात सांगून टाकलं. स्थळं आली होती. पण लग्न म्हणजे रोज सकाळी दारात उभं राहून बायकोला काहीतरी म्हणून निघावं लागणार. काय म्हणायचं, हेच सुचलं नाही, आणि वय निघून गेलं.

वायरलेस खरखरला. रंगाचं गोदाम होतं. साहेबांनी आणखी एक गाडी मागवली. काकांनी दुसऱ्या केंद्राला फोन लावला, पत्ता सांगितला, “समजलं” म्हणाले. परत खरखर झाली आणि साहेबांचा आवाज आला, एक जवान आत आहे, संपर्क नाही.

“समजलं,” काका म्हणाले. तोच आवाज, तोच सूर.

कोण, असं भोंग्याने विचारलं. वायरलेसवर नाव सांगत नाहीत, काका म्हणाले. मग तुम्ही विचारा ना, असं ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा तो पहिला नंबरवाला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“आपण विचारायचं नसतं, पोरी. त्यांचे हात गुंतलेले असतात. ते सांगतील तेव्हा ऐकायचं.”

“माझ्यामुळे झालं. काठी मी घेतली.”

“आगीला काठी बिठी कळत नाही,” काका म्हणाले. पण समोरच्या चहावर साय धरली होती आणि त्यांनी कपाला हात लावलेला नव्हता, हे तिला दिसत होतं.

वर गॅलरीत आई कपडे वाळत घालत असणार. तिला जाऊन सांगावं तर काय सांगावं? कोणीतरी आत आहे, ते बाबा असतील किंवा नसतीलही? भोंगा खाली फरशीवर बसून राहिली. शाळेत एक तास गप्प बसायची शिक्षाही तिला कधी पुरी करता आली नव्हती. आता ती नुसती वायरलेसकडे बघत होती. खोली केवढीशी होती. एक टेबल, एक फोन, एक खिडकी, खिडकीत रिकामं फाटक. ती या खोलीत एका वर्दीपुरती बसली होती आणि छातीत कोणीतरी ओला पाइप पिळत होतं. काका इथे प्रत्येक वर्दीला बसत होते. त्यांच्याजवळ फरशीवर कधी कोणी बसलं नव्हतं. खेळता खेळता कितीदा तरी आपण या खिडकीत डोकावलो, वेडावून पळालो, त्यातल्या कितीतरी वेळा काका असेच कुणाची तरी वाट बघत असतील, असं तिच्या मनात आलं आणि तिने गुडघ्यात डोकं खुपसलं.

उन्हाची पट्टी टेबलावरून उतरून भिंतीवर चढली, तेव्हा वायरलेस बोलला. जवान बाहेर. किरकोळ भाजलंय.

“समजलं,” काका म्हणाले आणि गार झालेला चहा सायीसकट एका घोटात प्यायले.

गाडी संध्याकाळी आली. ती धड उभीही राहिली नव्हती, तोच ड्रायव्हर उडी मारून उतरला आणि चिखलाच्या बुटांनी तसाच फोनच्या खोलीत शिरला.

“काका, बरे आहात ना?”

“मला काय धाड भरलीये?” काका म्हणाले. “आग तुमच्याकडे होती.”

“अहो, दार रिकामं होतं.”

काकांना कळेना. ड्रायव्हरने दम खाल्ला. फाटकातून वळताना मी आरशात बघतो ना, तो म्हणाला. रोज तुम्ही दारात असता, रोज तुमचं तोंड हलतं. आज दारात कोणीच नाही. म्हटलं, म्हातारा पडला वाटतं खोलीत.

मागून भोंग्याचे बाबा आले. आत अडकलेला जवान तेच होते. एक हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला आणि भुवया जळून गेलेल्या, त्यामुळे ते कायमचे आश्चर्यात पडल्यासारखे दिसत होते. खोकत खोकतच ते म्हणाले, “हा आरशात बघतो आणि आम्हाला सांगतो, ‘म्हणाले’. मग आम्ही हेल्मेटचे पट्टे आवळतो. आज हा गप्पच. कुणाचे पट्टे धड बसले नाहीत.”

“पाय आखडला होता,” काका म्हणाले.

“पाय नाही आखडला,” भोंगा म्हणाली. “काठी माझ्याकडे होती. मी त्यांची मस्करी करत होते.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. काकांनी रिसीव्हर उचलला, फडक्याने पुसला, जागेवर ठेवला, परत उचलून पुसला.

“एवढी वर्षं,” ते फोनलाच म्हणाले. “सांगायचं नाही का, दिसतं म्हणून?”

“तुम्ही तरी कुठे सांगितलं, म्हणता म्हणून?” ड्रायव्हर म्हणाला.

यावर काकांनी त्यांना पाइप धुवायला पिटाळलं. पाइप धुऊन उंच टांगले गेले. वरच्या गॅलऱ्यांमधून हाका सुरू झाल्या, कोणाचं पाणी तापलं होतं, कोणाचं पोर रडत होतं. एकेक जण जिना चढून आपापल्या दारात गेला. शेवटच्या पायरीवरून भोंग्याने वाकून पाहिलं. खालच्या खिडकीत ट्यूबलाइट लागली होती आणि काका खुर्चीत बसले होते, रिकाम्या अंगणाकडे तोंड करून. त्यांच्या नावाने कुठल्याच मजल्यावरून हाक आली नाही.

जेवताना बाबा डाव्या हाताने घास घेत होते आणि सांडत होते. आईने त्यांच्या भुवयांवरून दोनदा बोलून घेतलं, तिसऱ्यांदा मलम लावलं. भोंगा काहीच बोलत नव्हती. इतकं की आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“मी ठरवलंय,” भोंगा म्हणाली. “शिक्षण झालं की मी अग्निशमन दलात जाणार.”

आईने ताट पुढे सरकवलं. हे आज ना उद्या या घरात ऐकावं लागणारच होतं, असं ती म्हणाली. एकाची वाट बघून भागलं नव्हतं, आता दुसरीची.

“गाडीवर नाही, आई. फोनवर.”

“हात्तिच्या,” आई म्हणाली आणि ताट परत ओढून घेतलं. “मग जा खुशाल. बसायचंच तर काम.”

बाबांनी मात्र हातातला घास ताटात ठेवला.

“ते जड असतं, बाळा. गाडीवर आम्ही निदान एकमेकांना असतो.”

“माहीत आहे,” ती म्हणाली, शेजारच्या घरात मुळीच ऐकू जाणार नाही इतक्या हळू. “मी बसेन.”