बकऱ्यांचं फोल्डर

रोशनचं लग्न झालं ते वर्ष, म्हणजे २०२३. मे महिन्याच्या उन्हात रामटेकजवळच्या त्या लहानशा गावात मांडव पडला, बुद्धवंदना झाली, आणि मग रोशनचा नत्थूकाका डीजेपुढं असा नाचला की नवरदेवाकडं कोणी पाहिलंच नाही. त्याच मांडवात नवरदेवाच्या बहिणीला, मेघाला, नोकरी लागल्याचा फोन आला. सीताबर्डीत एका कापडाच्या दुकानाच्या वर जंगलातल्या जनावरांवर काम करणाऱ्या एका संस्थेचं ऑफिस होतं, तिथं.

काम सांगायला सोपं होतं. जंगलाला लागून असलेल्या गावांच्या वाटांवर झाडांना कॅमेरे बांधलेले. समोर काही हललं की कॅमेरा फोटो काढायचा आणि तो मेलनं ऑफिसात यायचा. फोटोत वाघ दिसला की मेघानं त्या गावच्या ठरलेल्या माणसाला फोन करायचा, आणि त्यानं गावाला सावध करायचं. मेघाच्या गावचा माणूस नत्थूकाकाच होता. नाल्याकाठच्या मोहाच्या झाडाला सात नंबरचा कॅमेरा त्यानंच बांधला होता. "दसऱ्याले दीक्षाभूमीवर येतो, तवा तुयं हापिस दाखवजो," असं तो तिला प्रत्येक फोनवर सांगायचा.

पण वाघ क्वचित दिसायचा. बाकी सगळं गवत, वारा, माकडं, गाई. आणि सात नंबरला मेघाची माय. मीराबाई रोज सकाळी बकऱ्या घेऊन त्याच वाटेनं जायची. पोरगी नागपुरात बसून आपल्याला पाहते हे कळल्यापासून ती कॅमेऱ्यासमोर थांबून हात वर करायची.

"पहा वं मेघा, तुझी माय आली ड्युटीवर," शेजारच्या टेबलावरचा विक्की म्हणायचा. "हजेरी लावून गेली. आता पगार सुरू करायला सांग सरांना."

सगळे हसायचे. मेघाही हसायची, पण तिचे कान गरम व्हायचे.

ऑक्टोबर लागला तेव्हा एक दिवस तिनं मेलचा सगळा पडदाच नव्यानं मांडला. डावीकडं प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं फोल्डर. न वाचलेले मेल वर. कामात न येणारी बटणं काढून टाकली. यादी अरुंद केली आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग फोटोला दिला, म्हणजे एकेक मेल उघडत बसायला नको. बाणाची कळ दाबत जायची. सात नंबरसाठी तिनं एक नियम लावला. त्याचा मेल आला की परस्पर 'बकऱ्या' नावाच्या फोल्डरात पडायचा, आणि वाचलेला म्हणूनच पडायचा. दिवसभराचं काम डबा खायच्या आधी उरकू लागलं.

"माया हात दिसते ना तुले?" मायनं फोनवर विचारलं.

"दिसते वं माय," मेघा म्हणाली. आठवडा झाला, तिनं ते फोल्डर उघडलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ऑफिसचे प्रमुख मधुकरराव तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "सगळे इकडं या. मेघानं कसं लावलंय ते पाहा आणि आपापल्या मशीनवर तसंच करून घ्या."

मेघानं एकेक फोल्डर दाखवलं. "आणि हे बकऱ्यांचं. हे तर पाहायचीही गरज नाही," असं म्हणत तिनं त्यावर कळ दाबली.

उजव्या अर्ध्या पडद्यावर वाघ आला.

मान खाली घालून तो बकऱ्यांच्याच वाटेनं चालला होता. फोटो आज सकाळचा. मेघानं बाण दाबला. त्याच्या आधीचा फोटो मायचा, हात वर केलेला. त्याआधी बकऱ्या. काल सकाळी बकऱ्या, माय, वाघ. परवाही तसंच.

मेघानं फोन उचलला. विक्कीचं तोंड उघडंच राहिलं.

मायचा फोन नुसता वाजत राहिला. तो घरी चुलीजवळ पडलेला असणार, हे मेघाला ठाऊक होतं. रोशनचा बंद. मधुकरराव वनखात्याला फोन लावत होते. मेघानं काकाला लावला.

"काय वं साहेबीणबाई, आज गरिबाची आठवण कशी आली?"

"काका, नाल्यावर वाघ हाय. माय तिकडंच गेली. तीन दिवसांपासून तो तिच्या मागं मागं हाय."

"तीन दिवसांपासून? मंग आज काहून सांगून राहिली तू?"

मेघा रडायला लागली. "काका, एकटा नोको जाऊ गा. माणसं घे संग."

"सारा गाव धान कापून राहिला. माणसं जमवत बसलो तं वहिनीचं काय होईन? रडू नोको. आणतो तुया मायले."

मेघा पडद्यासमोर बसली. पुढचा फोटो काय घेऊन येईल, या भीतीनं तिला फोल्डरकडं पाहवेना, आणि नजरही काढता येईना.

फोटो आला. नत्थूकाका, एकटाच. खांद्यावर काठी, दुसऱ्या हातात वाजवायला तेलाचा रिकामा डबा. कॅमेऱ्यासमोर थांबून त्यानं डब्यासकट हात वर केला होता, मीराबाई करते तसाच. हसत होता.

मग रिकामी वाट. गवत हललेलं. पुन्हा रिकामी वाट. माय नाही, बकऱ्या नाहीत, काका नाही.

फोन वाजला. मायचा होता.

"काहून वं, इतके फोन केले? मी तं कवाची घरी हावो, मांगं गोठ्यात होती. बकऱ्या पुढं जायेच ना, कान उभे करून थांबल्या. तवा तलावाच्या पाळीनं वापस आणल्या."

मेघानं टेबलावर डोकं टेकलं. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळलं नाही. विक्कीनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मग ती एकदम ताठ झाली.

"माय, नत्थूकाका कुठं हाय?"

"नत्थू? मले नाही दिसला. काहून वं?"

मेघानं काकाचा नंबर लावला. घंटी जात राहिली, उचलायला कोणी नव्हतं. तिनं बाण मागं मागं दाबला. उजव्या अर्ध्या पडद्यावर काका तसाच उभा होता, डबा वर धरून.

वनखात्याची गाडी नाल्यावर पोचली तेव्हा डबा वाटेतच पडलेला होता.

नत्थू गोमाजी मेश्राम वाघाच्या हल्ल्यात वारला. तारीख १९ ऑक्टोबर २०२३, गुरुवार, दसऱ्याच्या आधीचा.