तिच्या आवाजातली मापं

मित्रांनो, शिंप्याच्या कापायच्या टेबलावर कात्री, टेप आणि खडू यांच्या शेजारी ज्याची जागा ठरलेली असायची, तो जुना स्मार्टफोन म्हणजे मी. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा आहे. पाठीवर सुयांचे ओरखडे आहेत. बॅटरी तर इतकी थकली आहे की चार्जर काढला की मी डोळे मिटतो.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो बनले. एका यंत्राने काच बसवली, दुसऱ्याने तपासली आणि मी खोक्यात गेलो. त्याहून जास्त मला तिथलं आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते शिंप्याच्या बायकोने खोकं उघडलं तेव्हा.

त्या दोघांची कामाची एक रीत होती. तो टेप लावून माप मोठ्याने सांगायचा. ती मला तोंडाजवळ धरून तेच माप बोलायची आणि गिऱ्हाईक बाहेर पडलं की पुढे आपलं एक वाक्य जोडायची. "छाती चाळीस. पण श्वास रोखून उभे होते, एक्केचाळीस धरा." "बाही तेवीस. या बाई हातवारे करून बोलतात, काखेत सैल ठेवा." कापायला बसला की शिंपी मला सुरू करायचा, ऐकायचा, "हं" म्हणायचा आणि कात्री चालवायचा. त्यांच्या हातचा कपडा अंगाला असा बसायचा की लोक आरशासमोरून हलत नसत. त्या कौतुकात थोडा वाटा माझाही आहे, असं मला वाटायचं.

मग ती आजारी पडली आणि गेली. त्या दिवसांत मला कुणी हातात घेतलं नाही, म्हणून त्यातलं मला सांगता येत नाही.

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा शिंप्याने टेप खुंटीला टांगला. जुनं गिऱ्हाईक आलं की तो म्हणायचा, "माप आहे माझ्याकडे." मला सुरू करायचा आणि तिचा आवाज ऐकत कापायचा. मी तिचा शब्द न् शब्द बरोबर सांगत होतो. पण माणसं पुढे गेली होती. कुणाचं पोट सुटलं होतं, कुणी आजारपणात वाळलं होतं. पोस्टमनने नवा शर्ट पोट आत ओढून घातला, "फर्मास झालाय" म्हणाला आणि दाराबाहेर जाताच वरचं बटण सोडलं. मला ते दिसलं. शिंप्याला दिसलं नाही. सगळे त्याची कीव करून गप्प राहत होते आणि एकेक जण दुसरा शिंपी शोधत होता.

त्याची मुलगी नवीन फोन घेऊन आली. माझ्यातलं सगळं, आईचे आवाजसुद्धा, तिने त्यात नीट भरलं.

"बाबा, आता हा वापरा. जुना दर तासाला मरतोय."

"मरत नाही तो. दम घेतो."

"तुमच्यासारखाच हट्टी आहे. आईचाच आवाज आहे यात, ऐका तरी."

त्याने ऐकलं. "यात ती लांबून बोलल्यासारखी वाटते," म्हणाला आणि नवा फोन खोक्यासकट फळीवर ठेवला. जाताना लेकीने चपला जरा जोरातच घातल्या.

त्यानंतर बँडमास्तर आला. त्याच्या बँडला गणवेशाचे कोट हवे होते. गेल्या वेळचे कोट याच दुकानातले, म्हणजे मापं माझ्यात होतीच. एवढं मोठं काम बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं आणि ते बिघडलं असतं तर दुकान चालणं कठीण होतं. शिंपी मला चार्जरला लावून कामाला बसला आणि त्याने जीव ओतून कोट शिवले.

कोट न्यायला अख्खा बँड दुकानात आला. सगळ्यांनी कोट घातले, बटणं लावली, कुणी हूं की चूं केलं नाही. मास्तरने ट्रंपेटवाल्याला खूण केली. त्याने छाती भरली आणि मधलं बटण उडून माझ्या काचेवर आपटलं. सूर निघालाच नाही.

सगळे जमिनीकडे बघू लागले. शेवटी मास्तर म्हणाला, "दादा, रागावू नका. पण वाजवायचं तर श्वास घ्यावा लागतो."

"माप तिचंच आहे," शिंपी म्हणाला.

"वहिनींचं माप कधी चुकलं नाही. आम्हीच फुगलो, त्याला त्या काय करणार? त्या असत्या तर पहिलं मलाच म्हणाल्या असत्या, मास्तर, जिना चढत जा."

शिंप्याच्या तोंडावर हसू आलं. मग त्याने मला हातात घेतलं, बराच वेळ धरलं आणि बाजूला ठेवलं. उठून खुंटीवरचा टेप काढला.

"कोट उतरवा सगळे," तो म्हणाला. "शिवणीत कापड सोडलंय, उसवून सैल करतो. रांगेत उभे राहा. आणि पोट आत ओढायचं नाही कुणी."

फळीवरचं खोकं त्याने स्वतः उघडलं. एका हाताने टेप धरायचा आणि दुसऱ्या हाताने नवा फोन, हे त्याला जमेना. टेप सुटायचा, फोन निसटायचा. मास्तर मदतीला पुढे आला, तर म्हणाला, "राहू द्या. मला शिकायचंय." पहिलं माप तो स्वतःच फोनमध्ये बोलला, मग दुसरं.

मी आता मशीनच्या ड्रॉवरमध्ये असतो. सुट्टीच्या दिवशी तो मला चार्जरला लावतो आणि तिचं बोलणं ऐकतो. तेव्हा टेबलावर कापड नसतं.

मित्रांनो, नवीन फोन घ्याल तेव्हा जुन्याला भंगारात टाकायची घाई करू नका. त्याच्यात कोण बोलतंय ते आधी ऐका आणि तो आवाज जपा. पण कुणी माणूस समोर येऊन उभा राहिला, तर आम्हाला बाजूला ठेवा, उठा आणि त्याचं माप नव्याने घ्या.