शांत इंजिन

ट्रकच्या डॅशबोर्डवरची चोकची मूठ ओढली की बरोबर चार सेंटिमीटर बाहेर येते. तिच्यामागची तार दादाने कापून टाकली आहे. नव्या इंजिनाला चोक लागत नाही. किती पेट्रोल फवारायचं ते सीटखालचा कॉम्प्युटर ठरवतो. मूठ मात्र त्याने जागेवर ठेवली. "बाबांचा हात तिथे जाणारच," तो म्हणाला होता. "रिकामं भोक लागलं तर दिवसभर तोंड पाडून बसतील."

इंजिन मागून चेपलेल्या एका मोटारीतलं. जुन्या गिअरबॉक्सशी ते जुळेना म्हणून मधे पोलादी प्लेट घडवून घ्यावी लागली. टाकीत जास्त दाबाचा पंप बसवला. वायरींचं भेंडोळं दादाने तीनदा उलगडलं नि तीनदा गुंडाळलं. चार महिने लागले. त्यातले पहिले दोन त्याने काठी टेकत काढले.

पाय कशाने मोडला, हे बाबांना माहीत नव्हतं. गोदामात ट्रक मागे घेताना दादा पाठीमागे उभा राहायचा. ट्रकच्या मागच्या फळीवर एक थाप म्हणजे येऊ द्या, दोन म्हणजे थांबा. त्या दिवशी त्याने दोन थापा मारल्या, मग मुठी आपटल्या, मग ओरडला. ट्रक येतच राहिला. भिंतीला टेकल्यावर बाबांनी सवयीने तो हातभर पुढे घेतला, तेवढ्यात दादाने पाय ओढून घेतला. घोटा चिरडला होता. "पायरीवरून घसरलो," त्याने बाबांना सांगितलं.

मला मात्र दवाखान्यात खरं सांगितलं. "दोष त्या इंजिनाचा आहे. केवढं बोंबलतं! शांत इंजिन टाकलं की थाप ऐकू येईल त्यांना. येईल ना गं?"

मी कान तपासण्याचं काम करते. बाबांच्या कानांचा आलेख दोन वर्षं माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. गोंगाट कमी केला की गोंगाटात बुडालेलं ऐकू येतं. जे मुळात कानात शिरतच नाही, ते शांततेतही शिरत नाही. त्या इंजिनाने चाळीस वर्षांत त्यांचे कान खाल्ले होते. त्यांना मी म्हणाले होते, "वयाचं आहे थोडं." ट्रक काढून घेतला तर बाबांचं काय उरलं असतं?

दादाला मी म्हणाले, "बघू या."

आज सकाळी बाबा केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजमध्ये आले.

"काय, सासरी निघालात?" वेल्डरकाका त्यांच्या तोंडासमोर येऊन ओरडले.

"सून बघायला आलोय. लाजाळू आहे म्हणे, तोंडातून शब्द काढत नाही."

सगळे हसले. दादा ट्रकच्या मागे जाऊन उभा राहिला, तळवा फळीवर ठेवून. आज त्याला थाप मारून बघायची होती. बाबांनी चोक ओढला, किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्याच फेरीत लागलं. इतकं शांत, की कोपऱ्यातल्या नळाचं ठिबकणं मला ऐकू येत होतं. इंजिनाखालच्या नव्या रबरांमुळे केबिन जराही थरथरली नाही. बाबा मान तिरपी करून वाट बघत होते. मग त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

चालू इंजिनावर स्टार्टरचे दात करकरले. काकांनी कानांवर हात ठेवले. बाबांनी तिसऱ्यांदा फिरवली.

"लागत नाही रे," ते ओरडले. "तुझ्या कॉम्प्युटरला म्हणावं ऊठ, उजाडलं!"

काका हसायला लागले आणि अर्ध्यात थांबले. दादाचा तळवा फळीवर तसाच होता. त्याने थाप मारलीच नाही.

"तुला माहीत होतं," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

"हो."

"आणि चार महिने तू मला पाने-पक्कड आणून देत होतीस."

मी केबिनमध्ये चढले. बाबांचा हात किल्लीवरून काढून गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि वरून दाबून धरला. बारीक कंप होता. तो त्यांना हळूहळू कळला.

"कधीपासून चालू आहे?"

मी एक बोट दाखवलं. पहिल्यांदापासून.

त्यांनी आरशात पाहिलं. मागे दादा उभा होता, सगळा भार एका पायावर टाकून.

"तो पायरीवरून घसरला नव्हता," बाबा म्हणाले.

मी 'नाही' अशी मान हलवली. मग दोन वर्षं तोंडाशी येऊन परत गेलेलं वाक्य, तपासणीच्या खोलीत बोलते तशा हलक्या आवाजात, उच्चारलं.

"मोठ्याने बोल, बाळ. काही कळलं नाही."

काका, दादा, बाहेर थांबलेली गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या कानांवर जाईल एवढ्या मोठ्याने मग मी म्हणाले, "बाबा, आजपासून तुम्ही ट्रक चालवायचा नाही!"