दुसरी बशी

"बी जरा वर धरा सर, कॅमेऱ्यात दिसू दे," वार्ताहर म्हणाला आणि सरांनी कारल्याची बी हिऱ्यासारखी चिमटीत धरली.

प्रयोगशाळेतल्या बावीस वर्षांत सरांनी बियांना हात लावलेला तिने पहिल्यांदाच पाहिला. बिया सोलायच्या, दळायच्या, थंड खोलीत कुडकुडत त्यांतलं प्रथिन वेगळं काढायचं, ही तिची कामं. बोलायचं काम सरांचं.

"हे प्रथिन कर्करोगाच्या पेशी मारतं," सर म्हणाले.

मारत होतंच. काचेच्या बशीत. दुसऱ्या बशीतल्या निरोगी पेशीही तितक्याच मुकाट्याने मरत होत्या. ते तिने वहीत लिहिलं, तेव्हा सरांनी त्यावर रेघ मारली. "हे पुढे कधीतरी बघू."

महिन्याभराने ती थोरल्या बहिणीकडे गेली. ताईच्या छातीत गाठ होती, इस्पितळात उपचार चालू होते. स्वयंपाकघरात भावोजी मिक्सरवर बिया वाटत होते.

"इस्पितळातली सलाईनं बंद केली," ते ऐटीत म्हणाले. "तुझ्याच सरांचा शोध, आणि तू घरची असून अवाक्षर काढलं नाहीस!"

"हे औषध नाही, भावोजी. पोटात गेलं की अंड्यासारखं पचून जातं. आणि बशीतली पेशी काय, साबणानेसुद्धा मरते."

"तू जास्त शहाणी? बशा विसळणारी!"

ताईने रिकामा पेला ठेवून ओठ पुसले. "असू दे गं. उलट्या होतात म्हणजे गुण येतोय, असं हे म्हणतात."

दुसऱ्या दिवशी ती सरांसमोर उभी राहिली. "सर, हे माणसांवर तपासलेलं नाही, एवढं तरी पेपरात छापायला सांगा."

"लोकांना आशा लागते, बाई."

"माझी बहीण तुमची आशा वाटून पितेय."

"अरेरे. पण मी कुठे प्या म्हटलं होतं?" सरांनी एक कागद पुढे सरकवला. "हे बघा, या शोधनिबंधावर तुमचंही नाव घातलंय."

या एका ओळीची तिने किती वर्षं वाट पाहिली होती! तिने निबंध वाचला. दुसरी बशी कुठेच नव्हती. तिने टेबलावरचं पेन उचललं, स्वतःच्या नावावर काट मारली आणि वही काखोटीला मारून बाहेर पडली.

ताईच्या घरी भावोजी दारातच तोंड सोडत होते. तिने त्यांना ओलांडून वही त्या रेघ मारलेल्या ओळीपाशी ताईच्या मांडीवर उघडली. लहानपणी तिचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती ती ताईनेच.

"हे माझं अक्षर आहे, ताई. वाच."

ताईने दोनदा वाचलं. मग नवऱ्याकडे न बघता चपला शोधू लागली.

इस्पितळात डॉक्टरांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी उजेडात धरली.

"मोठी झालीय का गं?" ताईने विचारलं.

"हो."

"बरीच?"

"हो, ताई."

ताईने मान हलवली. मग स्वतःच बाही कोपराच्या वर सारली आणि हात नर्सपुढे केला.